लाल केमो हार्टला का झेपत नाही?

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, "केमोने हार्ट अटॅक येतो, केमो घेऊ नका". यात थोडं तथ्य आहे, पण त्रास सहसा अटॅकचा नसतो, हार्टचं पंपिंग कमजोर होण्याचा असतो, आणि सगळ्या केमोचंही हे नाही.

मुख्य आरोपी डॉक्सोरुबिसिन, म्हणजे पेशंट लोकांची 'लाल केमो'. सलाईनमधून लालभडक उतरते, नंतर एखाद-दोन दिवस लघवीही लालसर होते, ते रक्त नसतं. इटलीतल्या मातीत सापडलेल्या जीवाणूपासून हे औषध आलं.

आता खरी गंमत. आपल्या एकेका पेशीत जवळपास 2 मीटर डीएनए कोंबलेला असतो, मांज्याचा गुंताच म्हणा ना. तो सोडवायला टोपोआयसोमरेज 2 नावाचं एन्झाइम डीएनएचे दोन्ही धागे कापतं, फटीतून दुसरा भाग पलीकडे नेतं आणि काप परत जोडतं. डॉक्सोरुबिसिन जोडायच्या आधीच तिथे ठाण मांडून बसतं, काप उघडेच राहतात आणि ते साठले की पेशी मरते. या एन्झाइमचे दोन प्रकार, अल्फा आणि बीटा. अल्फा भराभर वाढणाऱ्या पेशींत जास्त, म्हणून कॅन्सर सापडतो कचाट्यात. हार्टच्या स्नायूपेशी जवळपास वाढतच नाहीत, त्यांच्यात अल्फा नसल्यातच जमा, पण बीटा असतो आणि औषध त्यालाही धरतं. मग डीएनए तुटतो, मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जा बनवणारे भाग) चालवणारी जीन्स मंदावतात, पेशी मरतात आणि नवीन तर फारशा तयार होत नाहीत. 2012 मध्ये उंदरांच्या हार्टमधला बीटाच काढून टाकला तर हार्ट बऱ्यापैकी वाचलं!

त्याआधी सगळा दोष फ्री रॅडिकल्सवर, म्हणजे पेशींची मोडतोड करणाऱ्या अस्थिर रेणूंवर होता, म्हणून त्यांना आवरणारं अँटिऑक्सिडंट व्हिटॅमिन ई देऊन बघितलं, माणसांत काही उपयोग झाला नाही. त्यामुळे अँटिऑक्सिडंट काढे विकणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

नुकसान एकूण डोसवर वाढत जातं, म्हणून डॉक्टर आयुष्यभराची बेरीज ठेवतात, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या पुढे सहसा जात नाहीत, आणि आधी इको (हार्टची सोनोग्राफी) काढून हार्टचं पंपिंग बघतात. दम लागणं, पायाला सूज हे कधीकधी खूप वर्षांनीही सुरू होतं, तेव्हा लहानपणी ही केमो झालेल्याने तिशीत हार्टच्या डॉक्टरकडे जातानासुद्धा जुनी फाईल सोबत न्यावी.