रुईचा चीक आणि किडे

रुई म्हणजे माळावर, रस्त्याकडेला, कुठंही उगवणारं ते झुडूप, शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतात तेच. पान तोडलं की पांढरा चीक ठिबकतो आणि रुई विरुद्ध किडे हे सगळं प्रकरण या चिकातच आहे. त्यात कार्डेनोलाइड नावाची विषं असतात, ती प्राण्यांच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप (हे क्षार आत-बाहेर करणारं प्रोटीन) जाम करतात आणि पहिला फटका हृदयाला, म्हणून गुरं सहसा रुईला तोंड लावत नाहीत.

पण बिबळ्या कडवा (प्लेन टायगर) हे फुलपाखरू अंडी घालायला मुद्दाम रुई शोधतं. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, नीट बघितली की लगेच ओळखू येते. चीक नुसता विषारी नाही तर चिकटपण आहे, बारक्या अळीचं तोंडच त्यात अडकू शकतं, मग ती काय करते तर आधी पानाची शीर कुरतडते म्हणजे पुढं चीक येणं कमी होतं, नळाचा कॉक बंद केल्यासारखं, आणि मग निवांत पलीकडचं पान खाते. विष पचतं कसं? हिच्या अमेरिकन चुलतभावात, मोनार्कमध्ये, त्या पंपाच्या प्रोटीनमधलं १२२ नंबरचं अमिनो आम्ल (प्रोटीनच्या साखळीतली एक कडी) बदललंय त्यामुळं विष तिथं नीट चिकटतच नाही.

वर हे विष अंगात साठवलं जातं ते फुलपाखरू झाल्यावरही राहतं. पक्ष्यानं एकदा खाल्लं, उलटी झाली, की परत तो भगव्या रंगाच्या वाटेला जात नाही. अर्थात सगळेच कडवे सारखे कडू नसतात, कुठल्या झाडावर वाढले त्यावर ठरतं. पक्ष्यांच्या या भीतीचा फायदा डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराची मादी फुकटात घेते, हुबेहूब तोच रंग आणि विष काहीच नाही! रुईवरचा पिवळा मावा आणि निळा-पिवळा नाकतोडापण चीक पचवतात, नाकतोड्याला डिवचलं तर पिचकारी मारतो.

कडव्याच्या नराचं वेगळंच. पावसाळ्यानंतर खुळखुळा, भुरुंडी या झाडांच्या सुकलेल्या फांद्यांवर कडव्यांची गर्दी दिसते ती मधासाठी नसते, तिथले बहुतेक नर असतात, ते झाडातली अल्कलॉइड नावाची रसायनं शोषतात आणि त्यापासून मादीला पटवायचा वास तयार करतात, रुईत ही अल्कलॉइड नसतात.