स्वयंचलित बंदुकांच्या खाजगी मालकीवरील कायदेशीर निर्बंध (सातारा व सांगली जिल्हे)

भारतात स्वयंचलित बंदूक खाजगी मालकीत ठेवणे सामान्य नागरिकाला जवळजवळ अशक्य आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांसाठी याबाबत वेगळा कायदा नाही. देशभर लागू असलेला शस्त्र अधिनियम, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून) आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ येथेही लागू आहेत. मात्र या भागात सैन्यात नोकरी केलेली माणसे गावोगाव आहेत, सह्याद्रीच्या बाजूला रानटी जनावरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक मागणारे शेतकरी आहेत आणि कोयना, चांदोली व सागरेश्वर ही संरक्षित वनक्षेत्रेही आहेत. त्यामुळे कायद्याचे अनेक पदर येथे एकाच तालुक्यात पाहायला मिळतात.

अधिनियमाच्या कलम २ मध्ये ‘निषिद्ध शस्त्रां’ची व्याख्या आहे. चाप दाबून धरल्यावर तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात, अशा रचनेचे किंवा तसा बदल करून घेतलेले अग्निशस्त्र निषिद्ध ठरते. तोफा, विमानविरोधी व रणगाडाविरोधी शस्त्रेही याच वर्गात मोडतात. व्याख्येतील ‘बदल करून घेतलेले’ हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे परवान्याची साधी बंदूक कारागिराकडून सलग गोळ्या सुटतील अशी करून घेतली, तर मूळ परवाना तिला संरक्षण देऊ शकत नाही. याउलट, चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप भरले जाते, ते शस्त्र अर्धस्वयंचलित होय. बोलण्यात ज्याला सर्रास ‘ऑटोमॅटिक पिस्तूल’ म्हटले जाते ते .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतील रुंदीचे माप) पिस्तूल या प्रकारचे असते. ते निषिद्ध नाही आणि त्याचा परवाना मिळू शकतो.

साधा शस्त्र परवाना जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात. सातारा किंवा सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दाखल झाला की तो चौकशीसाठी पोलिसांकडे जातो. स्थानिक पोलीस ठाणे अर्जदाराचा पत्ता, चारित्र्य, दाखल गुन्हे आणि शस्त्राची गरज तपासते. नियमांनुसार पोलिसांचा अहवाल तीस दिवसांत यावा आणि अहवाल आल्यापासून साठ दिवसांत निर्णय व्हावा, अशी अपेक्षा आहे. अर्जदाराचे वय सर्वसाधारणपणे २१ वर्षे पूर्ण असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, तर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे.

स्वयंचलित शस्त्रासाठी हा मार्गच उपलब्ध नाही. कलम ७ प्रमाणे केंद्र सरकारने विशेष अधिकार दिल्याखेरीज कोणालाही निषिद्ध शस्त्र मिळवता, बाळगता, बनवता किंवा विकता येत नाही, आणि कलम १४ प्रमाणे अशा शस्त्राचा परवाना नाकारणे हे परवाना प्राधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हणजे अर्जदार कितीही सचोटीचा असला, त्याच्या जिवाला असलेला धोका कितीही खरा असला, तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात यात स्वेच्छाधिकार उरत नाही. साध्या परवान्याला जिल्हाधिकाऱ्यांनी नकार दिल्यास कलम १८ खाली अपील करता येते. परंतु शासनाने स्वतः दिलेल्या किंवा शासनाच्या निर्देशावरून झालेल्या आदेशाविरुद्ध त्याच कलमाने अपिलाला मनाई केली आहे. त्यामुळे केंद्राचा नकार आल्यावर उच्च न्यायालयात रिट याचिका करणे एवढाच मार्ग राहतो.

निषिद्ध आणि साधी शस्त्रे यांच्यामध्ये मर्यादित शस्त्रांचा एक वर्ग आहे. बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली, .३०३ किंवा ७.६२ मि.मी.ची लष्करी काडतुसे चालतील अशा रायफली आणि लष्करी ९ मि.मी. काडतुसांची पिस्तुले त्यात येतात. शस्त्रांच्या व्यवहारात त्यांना ‘प्रोहिबिटेड बोअर’ म्हणतात, आणि त्यामुळे ती व स्वयंचलित शस्त्रे एकच असल्याचा गैरसमज पसरतो. दहशतवादी किंवा अतिरेकी कारवायांच्या प्रदेशात राहणारे, अशा संघटनांच्या थेट निशाण्यावर असलेले, तसेच पदामुळे असा गंभीर धोका पत्करावा लागणारे अधिकारी व लोकप्रतिनिधी यांचा २०१६ च्या नियमांत या शस्त्रांसाठी विचार केला आहे. सातारा-सांगलीतील शेतजमिनीचा वाद किंवा गावकीतील वैर या निकषात बसत नाही. नेमबाजीच्या खेळाचे कारणही उपयोगी पडत नाही, कारण ऑलिंपिकमधील एकाही नेमबाजी प्रकारात स्वयंचलित बंदूक वापरली जात नाही.

या भागातील सैनिकी परंपरेमुळे कायद्याचे एक अंग ठळकपणे दिसते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावातील ४६ जणांना पहिल्या महायुद्धात वीरमरण आले, आणि तेथील घराघरांतून सैन्यात जाण्याची परंपरा अजूनही चालू आहे. सेवेत असताना लाइट मशीनगन किंवा इन्सास रायफल चालवणाऱ्या जवानाकडे ते शस्त्र कर्तव्याचा भाग म्हणून असते. कलम ४५ शासकीय सेवकाला कर्तव्यापुरतीच अधिनियमातून सूट देते. निवृत्त होऊन गावी परतलेला तोच माणूस कायद्याच्या दृष्टीने इतर अर्जदारांसारखा असतो. बँकेच्या शाखेच्या दारात उभ्या असलेल्या माजी सैनिक गनमनच्या खांद्यावर बहुधा १२ बोअरची दुनळी बंदूक दिसते. दोन नळ्या, दोन काडतुसे, आणि दोन्ही उडवल्यावर बंदूक मोडून हाताने पुन्हा भरणे, एवढीच तिची क्षमता. आयुष्यभर मशीनगन हाताळलेल्या माणसाला ही बंदूक अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. पण वैयक्तिक प्रावीण्यावर शस्त्राची श्रेणी ठरू लागली, तर निषिद्ध वर्गाला अर्थच उरणार नाही.

पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांत गवे व रानडुकरे उभे पीक तुडवतात, तर कराड-शिराळा पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या आढळतो. या कारणाने पीक संरक्षणासाठी परवाना मागितला जातो. तो ठासणीच्या किंवा १२ बोअरच्या बंदुकीपुरता असतो. त्यातही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम ३४ आड येते: अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही, आणि त्या परिघात राहणाऱ्या जुन्या परवानाधारकांनाही नोंदणी करावी लागते. कोयना अभयारण्याभोवतालची गावे आणि सागरेश्वरच्या पायथ्याचे देवराष्ट्रे यांना हे बंधन लागू आहे. साध्या बंदुकीची ही स्थिती आहे, यावरून स्वयंचलित शस्त्राचा विचार कायद्यापासून किती दूर आहे हे समजते.

या कडक धोरणामागे जुना वाद आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. हा अन्याय राष्ट्रीय चळवळीच्या मनात इतका सलत होता की काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांमध्ये नोंदवला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हा हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती मांडली. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हल्ल्याची साधने निर्बंधाविना विकत घेऊ लागला, तर राज्याला कारभार चालवणे अशक्य होईल, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. भारतीय संविधानात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येही नमूद केले.

शिक्षेची तरतूद कठोर आहे. निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगल्यास कलम २५(१अ) खाली पूर्वी पाच ते दहा वर्षे कारावास होता. १४ डिसेंबर २०१९ पासून तो सात ते चौदा वर्षे झाला. असे शस्त्र बनवणे किंवा विकणे यासाठी दहा वर्षे ते जन्मठेप आहे, आणि पोलिसांकडून किंवा सैन्याकडून बळाने शस्त्र हिसकावून घेण्यासही तेवढीच शिक्षा आहे. अभिनेते संजय दत्त यांना १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात कटाच्या आरोपातून मुक्तता मिळाली, तरी एके-५६ रायफल बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली झालेली शिक्षा टळली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पाच वर्षांवर आणली, जी त्या वेळची किमान मर्यादा होती. निषिद्ध शस्त्राच्या वापराने मृत्यू झाल्यास फाशीची सक्ती करणारे कलम २७(३) मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवले.

जुन्या वाड्यात, माळ्यावर किंवा दिवंगत सैनिकाच्या ट्रंकेत असे शस्त्र सापडल्यास वारसाला ते आठवण म्हणून ठेवता येत नाही. ज्या शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही, ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. अप्रचलित बनावटीच्या, पुरावस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा दुरुस्तीनेही चालू न होणाऱ्या शस्त्रांना कलम ४५ मध्ये सूट आहे. मात्र ट्रंकेतून निघालेले हत्यार त्या सुटीत बसते की नाही, हा निर्णय सापडणाऱ्याने स्वतःच्या समजुतीवर घेण्यासारखा नाही.