मतदानाची सोय वेगळी, मागणी वेगळी

निवडणूक लागली की कोल्हापुरात दिव्यांगांची आठवण सगळ्यांनाच होते. प्रशासनाकडून व्हीलचेअरचे फोटो येतात, तालमीतली पोरं "आज्जींना आम्ही नेतो" म्हणत नावं लिहून घेतात आणि उमेदवार संघटनेच्या लोकांना बोलावून "तुमचं काय असेल ते बिनधास्त सांगा" म्हणतो. या गडबडीत दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे दिव्यांग माणसाला मत देता यावं यासाठीची व्यवस्था. दुसरी म्हणजे त्या मताच्या जोरावर त्याने, आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्यांनी, उमेदवाराकडे काय मागायचं ते. पहिलीसाठी निवडणूक आयोग बांधील आहे, दुसरीसाठी पक्ष आणि उमेदवार. दार चुकलं की दोन्हीकडून हात हलवत परत यावं लागतं. बूथवर रॅम्प नाही ही तक्रार उमेदवाराकडे नेली, तर तो खुर्ची उचलायला चार पोरं पाठवतो. पेन्शन वाढवा असं निवेदन निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला दिलं, तर त्यावर आवक शिक्का बसतो आणि ते फाईलला लागतं. त्याच्या हातात ते नसतंच.

आधी सोयीचं बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की सर्व मतदान केंद्रं दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत आणि निवडणुकीचं सगळं साहित्य त्यांना समजेल अशा रूपात मिळावं. ही जबाबदारी भारत निवडणूक आयोगावर आहे तशीच राज्य निवडणूक आयोगावरही आहे. म्हणजे लोकसभा-विधानसभेला रॅम्प आणि महापालिकेला मात्र शाळेच्या चार पायऱ्या, असं चालत नाही. तरी पेठेतल्या जुन्या शाळांमध्ये अजून काय दिसतं? प्लायवूडची फळी, तिच्यावर सतरंजी, आणि चढ इतका उभा की ढकलणारा दम खातो. फोटोत तोही रॅम्पच दिसतो. बघायचं असेल तर मतदानाच्या आदल्या आठवड्यात केंद्रावर जाऊन बघावं. मतदानादिवशी सकाळी तक्रार करून फार काही हाती लागत नाही.

सोयीतही पुन्हा दोन वाटा आहेत आणि लोक त्यांचीही गल्लत करतात.

घरून मतदान ही लोकसभा-विधानसभेच्या नियमांतली तरतूद आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणि २०२४ पासून ८५ वर्षांवरील मतदारांना ती मिळते. नमुना १२-डी भरून द्यायचा, तोही अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत. बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदारयादी सांभाळणारा अधिकारी, फॉर्म घरी आणून देतो, पण त्यासाठी मतदारयादीत तुमच्या नावापुढे दिव्यांग अशी नोंद हवी. ती नमुना ८, म्हणजे यादीतली नोंद बदलायचा अर्ज, भरून आधीच करून घ्यायची असते, आणि बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं. सीपीआर या सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र कपाटात असतं, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र मोबाईलमध्ये असतं, यादीत मात्र काहीच नसतं. शिवाय एकदा घरून मतदान निवडलं की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग वेगळ्या नियमांखाली घेतो. तिथे १२-डी चालेल असं गृहीत धरून घरी बसू नका.

दुसरी वाट म्हणजे केंद्रावर सोबती घेऊन जाणं. मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा मदतीशिवाय बटण दाबता येत नसेल, अशी केंद्राध्यक्षाची खात्री पटली, की अठरा वर्षांपुढचा सोबती मतदान कक्षात जाऊ शकतो. मत गुप्त ठेवीन असं त्याला लिहून द्यावं लागतं. अंध मतदाराला वाटलं तर सोबत्याशिवायही मत देता येतं, कारण यंत्रावर बटणांच्या बाजूला ब्रेल आकडे असतात. व्हीलचेअरवरच्या ज्या माणसाचे हात-डोळे शाबूत आहेत, त्याला कक्षापर्यंत ढकलत नेलं तरी चालतं. बटण मात्र त्यानेच दाबायचं. नियमातली एक अट सहसा कुणी सांगत नाही: एका दिवशी एक माणूस एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. घरात आई-वडील दोघेही अंध आणि मुलगी एकटी असेल, तर दुसऱ्यासाठी शेजारच्या वहिनींना आधीच सांगून ठेवावं लागतं.

आता सांभाळणाऱ्यांकडे येतो, कारण या दोन्ही वाटांमध्ये खरी अडचण त्यांची होते. समजा राजारामपुरीतल्या एका घरात सेरेब्रल पाल्सी असलेला पंचवीस वर्षांचा मुलगा आहे आणि त्याचं खाणं-पिणं, कूस बदलणं सगळं आईच बघते. मुलगा घरून मत देऊ शकतो. त्याच्या आईला ती सवलत नाही, कारण ती धडधाकट आहे. मतदान पथक घरी येतं, मुलाचं मत घेतं आणि जातं. काही दिवसांनी तिने स्वतःच्या मतासाठी रांगेत उभं राहायचं, तेव्हा मुलाला कुणापाशी ठेवायचं? मुलाला केंद्रावरच न्यायचं ठरवलं तर तिची सोय होते, कारण दिव्यांग मतदाराला रांगेशिवाय सोडतात आणि सोबतीचंही त्याच वेळी उरकू द्या, अशी विनंती करता येते. पण ती विनंतीच राहते. आयोगाकडे मागायला ही खरी जागा आहे: सांभाळणाऱ्यांनाही अग्रक्रम द्या. खर्च शून्य, फक्त एका ओळीचा आदेश लागतो.

आणि तो नेहमीचा प्रश्न. "व्हय, पण त्याला काय कळतंय?" बौद्धिक दिव्यांग मुलाच्या मताबद्दल हे काका-मामाच नाही, कधी बीएलओही विचारतो. कायदा काय म्हणतो? सक्षम न्यायालयाने विकल मनाचा ठरवलेला माणूस यादीबाहेर राहतो. न्यायालयाने. डॉक्टरच्या चिठ्ठीने नाही, आयक्यूच्या आकड्याने नाही, बीएलओच्या अंदाजाने तर नाहीच. कळतं की नाही हाच निकष लावायचा म्हटलं तर आमच्या गल्लीतली बरीच नावं उडतील.

सोय आणि मागणी यांच्या मधोमध उभी असते ती रिक्षा. प्रशासनाने दिव्यांग मतदाराला ने-आण करायला गाडी दिली तर ती सोय. तीच गाडी उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने भाड्याने घेऊन मतदारांना फुकट नेलं, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(५) खाली तो भ्रष्टाचार ठरतो. त्यावरून निवडणूक रद्दही होऊ शकते. मतदानादिवशी कुणाच्या रिक्षा फिरतात हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, ते असो. पण रिक्षात बसलेल्या माणसाला वाटतं, उमेदवाराने आपलं काहीतरी केलं, आता आणखी काय मागायचं? मागणी तिथंच संपते. म्हणून गाडी प्रशासनाकडेच मागावी. निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा बीएलओकडे नोंद करून.

मागणीचं गणित अगदी वेगळं आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथे हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली. कोल्हापूरकर मदतीला कधी मागे नसतो. पण मदत करण्याची सवय असलेल्या गावात हक्क मागायला लोकांना अवघडल्यासारखं होतं, असं माझं निरीक्षण आहे. निवेदनात "दिव्यांग बांधवांना न्याय द्यावा" इतकंच लिहिलेलं असतं. उमेदवार "देऊ की" म्हणतो, फोटो होतो.

कुठल्या निवडणुकीत काय मागायचं, हे ठरवलं की निवेदनाला धार येते. नगरसेवक व्हायला निघालेल्याला ५ टक्के निधीबद्दल विचारावं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. "गेल्या वर्षी किती खर्च झाला, कशावर झाला, हे दरवर्षी एप्रिलमध्ये प्रभागनिहाय जाहीर करायला लावाल का?" याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. त्याच्या जोडीला केएमटी, म्हणजे महापालिकेच्या, बसची पायरी आणि प्रभागातलं एकतरी व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह. आमदारकीच्या उमेदवाराकडे संजय गांधी निराधार योजनेचं बोलावं. खासदारकीला उभा असेल त्याला विचारावं, की इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा वर्षानुवर्षं महिना ३०० रुपयांवरच का अडलाय, आणि तोही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांनाच का.

सांभाळणाऱ्यांसाठी मागणी करताना कायद्याचा आधार आहे, तो वापरला जात नाही. २०१६ च्या अधिनियमात काळजीवाहकाची व्याख्या आहे आणि तिच्यात पगार न घेता सांभाळणारे आई-वडील, घरचे लोक येतात. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांना काळजीवाहक भत्ता देण्याचा उल्लेख आहे, आणि त्याच कलमानुसार सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळायला हवं. म्हणजे नवीन काही मागायचं नाही; कायद्यात लिहिलेलं कधी देणार, तारीख सांगा, एवढंच. भत्त्याबरोबर दिवसभराचं सांभाळ केंद्रही मागावं. महिन्यातून दोन दिवस मुलाला विश्वासाने ठेवता आलं तर आई बँकेत जाईल, स्वतःसाठी डॉक्टरकडे जाईल.

एक गोष्ट दोन्हीकडे लागते ती म्हणजे भाषणातली भाषा. विरोधकाला "आंधळा", "बहिरा", "लंगडं सरकार" म्हणायची सभेत पद्धतच पडलीय. डिसेंबर २०२३ मध्ये भारत निवडणूक आयोगाने पक्षांना असे शब्द टाळायला सांगितलंय. तक्रार आयोगाकडे जाते, पण सभा संपल्यावर उमेदवाराला गाठून तोंडावर सांगितलेलं जास्त लागू पडतं.

वेळेचंही तसंच. सोयीचे अर्ज अधिसूचनेच्या आधी आणि लगेच नंतर. मागण्या मात्र जाहीरनामा छापायला जायच्या आधी, म्हणजे आचारसंहिता लागायची वाट न बघता. आचारसंहिता लागली की अधिकाऱ्याला नवीन काही जाहीर करता येत नाही; उमेदवाराला वचन द्यायला बंदी नसते. त्याची उत्तरं लेखी घ्यावीत, सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी आणि आलेली उत्तरं जशीच्या तशी लावावीत. त्यांचं पत्रक काढलं तर खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायला विसरू नये. कुणा उमेदवाराच्या बाजूचं किंवा विरोधातलं पत्रक त्याशिवाय छापणं हा गुन्हा आहे, आणि छापखानेवालाही मग त्यात अडकतो.