इंजिनावरचा नंबर म्हणजे मोअरचा जन्मदाखला नव्हे

बसून चालवायचा जुना लॉन मोअर (गवत कापायचं यंत्र) हाती आला की बहुतेक जण इंजिनावर कोरलेला नंबर वाचतात आणि त्यावरून अख्ख्या मशीनचं साल-मॉडेल ठरवून मोकळे होतात. हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. त्यापायी भलतेच बेल्ट आणि भलतीच पाती मागवली जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोअर बनवणारे बहुतेक कारखाने इंजिन बाहेरून घेत: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, टेकमसे, कोहलर. ब्रिग्जच्या इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणावर 78051203 असा कोड दिसला, तर ते इंजिन 12 मे 1978 ला तयार झालं. शेवटचे आकडे कारखान्याचे. मोअर त्यानंतर जुळवला गेला असेल, किंवा इंजिनच मागाहून बदललेलं असेल. तो पत्राही बदलता येतो, हेही ध्यानात ठेवा.

मोअरची खरी ओळख चौकटीवर असते. सीट उचला, खालची मॉडेल नंबरची पट्टी साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने पुसा. तारेचा ब्रश नको, थिनर तर नकोच. अक्षरं कायमची जातात. सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीत विकल्या जाणाऱ्या जुन्या क्राफ्ट्समन मोअरच्या मॉडेल नंबरात टिंबाआधीचे तीन आकडे बनवणारा सांगतात: 247 म्हणजे एमटीडी, 502 म्हणजे मरे. सिअर्स फक्त विकत असे.

घासकाम आणि रंग नंतर. आधी त्या पट्टीचा स्पष्ट फोटो काढून ठेवा.