खाऱ्या पाण्याच्या टँकची क्षारता: आकड्याआधी उपकरण तपासा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"क्षारता बरोबर ३५ आहे हो, तरी ॲनिमोनी आक्रसून बसलाय." काउंटरवर हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकतो. (ॲनिमोनी म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव.) मग आम्ही टँकचं पाणी बाटलीत मागवतो, आमच्याकडे तपासतो, आणि कधी ३१ निघते, कधी ३९. ग्राहकाने आळस केलेला नसतो. दर रविवारी तो न चुकता थेंब टाकून बघतो आणि त्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, निळी कडा खरोखरच ३५ वर थांबते. गडबड त्या रिफ्रॅक्टोमीटरमध्येच असते.

टँक, स्किमर, लाइट, चिलर यांवर भरपूर खर्च होतो, आणि ज्या एका आकड्यावर सगळं उभं आहे तो मात्र कधीच न तपासलेल्या उपकरणातून येतो. म्हणून प्रत्येक मरीन टँकसोबत आम्ही हे पत्रक देतो. थोडं मोठं आहे, पण टँकमध्ये पाणी भरण्याआधी एकदा पूर्ण वाचा.

३५ म्हणजे काय

शाळेच्या भूगोलात सागरजलाची क्षारता शिकलो तेच हे ३५. एक किलो समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम विरघळलेले क्षार. टँकवाले त्याला ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) म्हणतात. ही सरासरी झाली. अरबी समुद्राच्या उत्तर भागात वरच्या थरात ती ३६ च्या आसपास असते, बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यामुळे बरीच कमी, आणि तांबड्या समुद्रात ४० च्या घरात.

चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. विल्यम डिटमार या रसायनतज्ज्ञाने त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण केलं, तेव्हा दिसलं की पाणी कमी खारट असो वा जास्त, मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास तेच राहतं. आपल्याला याची मोठी सोय आहे: एक क्षारता नीट मोजली की बाकीच्यांचा अंदाज येतो. पण क्षारता चुकली तर सगळंच एकदम चुकतं. ३५ ला कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम असेल, तर तेच पाणी ३१ वर आल्यावर ते ३७२ भरेल. टेस्ट किट सांगतं कॅल्शियम कमी, आणि माणूस कॅल्शियमची बाटली घ्यायला येतो. बाटली आम्हीच विकतो, तरी आधी क्षारता विचारतो. मीठ कमी पडलेल्या पाण्यात एकटं कॅल्शियम वाढवलं तर मॅग्नेशियम, पोटॅशियम मागेच राहतात, आणि नंतर क्षारता दुरुस्त केली की कॅल्शियम नको इतकं चढतं.

मासे थोडीफार चूक सोसतात. क्लाउनफिशसारखा समुद्री मासा सतत पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. आतलं गणित तो स्वतः सांभाळतो. कोळंबी जातीचे क्लीनर श्रिंप, तारामासा, समुद्री साळू, ॲनिमोनी यांच्याकडे अशी यंत्रणा नाही किंवा फार तोकडी आहे. बाहेरचं पाणी बदललं की त्यांच्या अंगातलं पाणीही बदलतं. नुसत्या माशांच्या टँकमध्ये ३२-३३ चालून जातं. हे जीव ठेवायचे असतील तर ३५ धरा, आणि ते रोज ३५ च राहू द्या.

कशाने मोजावं

प्लास्टिकच्या डबीत फिरणारा काटा असलेला हायड्रोमीटर (पाणी किती जड आहे त्यावरून क्षारता दाखवणारं साधन) सगळ्यात स्वस्त. आम्ही तो विकत नाही. काट्याला दोन बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं; जुन्या मिठाची पापडी बसली की उलटी चूक. तुमच्याकडे आहेच तर डबी सपाट जागी ठेवा, टिचकी मारून बुडबुडे काढा आणि प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुवा. आज-उद्यामधला फरक कळण्यापुरता तो बरा. त्यावर विसंबून मीठ घालू नका.

काचेचा तरंगता हायड्रोमीटर मात्र चांगला असेल तर वर्षानुवर्षं खरं सांगतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. तो आपल्याला विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती पट जड आहे ते, दाखवतो. २५ अंश सेल्सिअसला ३५ पीपीटी म्हणजे १.०२६४. पुष्कळ जण १.०२५ धरून चालतात, ती क्षारता ३३ च्या थोडी वर असते. दोन गोष्टी सांभाळा. काचेला पाणी चढतं तिथला आकडा न वाचता डोळा पाण्याच्या पातळीत आणून सपाट पृष्ठभागाचा आकडा वाचा. आणि तो कोणत्या तापमानासाठी बनवलाय ते दांडीवर छापलेलं असतं, ते बघा. २५ अंशांचा हायड्रोमीटर ३० अंशांच्या पाण्यात सोडलात तर सुमारे २ पीपीटी कमी दिसतील. पाणी तितकंच खारट, फक्त गरम होऊन हलकं झालेलं.

आमच्या बहुतेक ग्राहकांकडे असतो तो हातात धरून डोळ्याला लावायचा रिफ्रॅक्टोमीटर. खाऱ्या पाण्यातून जाताना प्रकाश थोडा जास्त वाकतो, त्यावरून तो क्षारता दाखवतो. हे "थोडा" किती ते लक्षात घ्या: २० अंशांना शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.३३३० आणि ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याचा १.३३९४. एवढ्याशा अंतरात सगळी पट्टी बसवलेली असते. प्रिझमवर वाळलेल्या मिठाचा पातळ थर असला, थेंबात बुडबुडा राहिला किंवा स्क्रू किंचित फिरला तरी २-३ पीपीटी सहज इकडेतिकडे होतात.

शून्यावर लावलं म्हणजे झालं असं नाही

रिफ्रॅक्टोमीटरसोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाका आणि स्क्रू फिरवून रेषा शून्यावर आणा. ग्राहक तसं करतात आणि निर्धास्त होतात. किराणा दुकानातला काटा रिकामा असताना शून्यावर आहे म्हणून तो किलोचं माप बरोबर देईलच असं नाही. त्यासाठी त्यावर प्रमाणित वजन ठेवून बघावं लागतं. इथेही तसंच. आपल्याला शून्य मोजायचंच नाही, ३५ मोजायचे आहेत. म्हणून ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रवावर उपकरण लावा.

बाजारातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतं आणि ते प्रकाश वेगळ्या प्रमाणात वाकवतात. ३५ पीपीटीचं समुद्री पाणी आणि ३६.५ पीपीटीचं साध्या मिठाचं पाणी रिफ्रॅक्टोमीटरला सारखंच दिसतं. त्यामुळे मिठाच्या पाण्याची पट्टी असलेलं उपकरण शून्यावर अगदी अचूक लावलं तरी तुम्ही ३५ वाचाल तेव्हा टँकमध्ये साधारण ३३.५ असतील. ३५ च्या द्रवावर लावलं की ही चूक नेमकी हव्या त्या जागी निघून जाते.

घरीही हा द्रव करता येतो. ३.६५ ग्रॅम मीठ आणि ९६.३५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, दोन्ही वजन करूनच. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमची पायरी असलेला काटा इथे कामाचा नाही. सोन्याचांदीसाठी वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. मीठ साधं घरातलं चालेल, पण पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि ते पाणीही वजनात धरलं जातं, म्हणून मीठ तव्यावर कोरडं करून, थंड करून मग मोजा. हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटर लावण्यासाठी. विद्युतवाहकता मोजणाऱ्या मीटरला मिठाचं वेगळं प्रमाण लागतं, आणि त्या मीटरसाठी मिळणारा द्रव रिफ्रॅक्टोमीटरवर चालत नाही. घरातलं मीठ टँकमध्ये तर कधीच नाही.

प्रमाणित द्रवाच्या बाटलीबद्दल कळकळीने सांगतो, कारण याची किंमत आम्ही मोजली आहे. दुकान सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या बाटलीचं झाकण नीट लागत नव्हतं. आठवड्यांमागून आठवडे त्यातलं पाणी उडत राहिलं आणि ३५ चा द्रव ३८ च्या पुढे गेला. आम्ही त्याच्यावर सगळी उपकरणं "३५" ला लावली आणि दुकानातले सगळे टँक मन लावून ३८ वर नेऊन ठेवले. कात टाकताना एकामागून एक श्रिंप मेले. पाणी बदललं, खाणं बदललं, औषधांचा विचार केला. उपकरणाचा संशय येईपर्यंत दोन आठवडे गेले. तेव्हापासून बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहितो, वापरून झाली की झाकण लगेच घट्ट लावतो आणि ती उन्हात ठेवत नाही. तुम्हीही एवढं कराच.

मोजताना उपकरण, द्रव आणि टँकचा नमुना तिन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. "आपोआप तापमान-दुरुस्ती" असं लिहिलेल्या रिफ्रॅक्टोमीटरची ही दुरुस्ती साधारण १० ते ३० अंशांपुरतीच असते, आणि ती उपकरणाच्या तापमानाची असते, थेंबाच्या नव्हे. थेंब टाकून झाकणी लावल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग बघा. नागपूर-चंद्रपूरकडच्या ग्राहकांनी मे महिन्यात दुपारी मोजूच नये. पहाटे मोजा किंवा एसी चालू असलेल्या खोलीत.

डिजिटल घ्यावा का? परवडत असेल तर जरूर. दोन प्रकार मिळतात. एक रिफ्रॅक्टोमीटरच, फक्त डोळ्याऐवजी सेन्सर. थेंबावर लाइटचा झोत पडत असेल तर हाताने आडोसा करा. दुसरा विद्युतवाहकतेवर चालतो. ३५ पीपीटीची वाहकता २५ अंशांना सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते आणि दर अंशाला जवळपास २ टक्क्यांनी बदलते, म्हणून प्रोब पाण्यात धरून आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. प्रोबच्या खाचेत बुडबुडा अडकला तर आकडा कमी येतो. पाण्यात हलवून काढा. आकडा दशांशापर्यंत दिसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही. डिजिटल मीटरही महिन्यातून एकदा त्याच्या स्वतःच्या द्रवावर तपासा.

पाणी उडतं, मीठ उडत नाही

१०० लिटरच्या टँकमधून ३ लिटर पाणी उडालं तर ३५ चे ३६ होतात. पंखा लावलेला असेल, पुण्यासारखी कोरडी हवा असेल, तर ३ लिटर उडायला फार दिवस लागत नाहीत. ही भर नेहमी आरओच्या गोड्या पाण्याने करा. खारं पाणी घालणं ही नव्या ग्राहकांची नेहमीची चूक, त्याने क्षारता चढतच जाते. टँकवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी पाणी रेघेपर्यंत आणा. सम्प (टँकला जोडलेली खालची टाकी) असेल तर रेघ सम्पवर मारा, कारण पातळी तिथेच उतरते. पिण्याच्या पाण्याच्या घरगुती आरओमध्ये चवीसाठी काही क्षार परत मिसळलेले असतात, ते पाणी शक्यतो वापरू नका. क्षारता मोजायची ती पाणी रेघेवर असताना, नाहीतर दर वेळी वेगळी दिसेल.

पावसाळ्यात किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी भरून आणू का, असं मुंबईतले ग्राहक विचारतात. आणू नका. नद्यानाल्यांचं पाणी मिसळून त्या दिवसांत किनाऱ्याजवळची क्षारता खाली येते, आणि सोबत काय काय वाहून येतं ते वेगळंच.

दुरुस्ती करताना

क्षारता कमी असेल तर फरक गुणिले लिटर, तितके ग्रॅम क्षार लागतात. १०० लिटर ३२ वरून ३५ ला न्यायचे तर ३०० ग्रॅम. सॉल्ट मिक्समध्ये (टँकसाठी मिळणाऱ्या तयार समुद्री मिठात) थोडा ओलावा असतोच, म्हणून थोडं जास्त धरा. कोरडं मीठ टँकमध्ये टाकू नका. रोजच्या भरीच्या गोड्या पाण्याऐवजी आधी विरघळवून ठेवलेलं खारं पाणी घालत जा; फक्त या दुरुस्तीच्या काळात ते योग्य आहे. क्षारता जास्त असेल, समजा ३८, तर १०० लिटरमधून साधारण ८ लिटर काढून तितकंच आरओ पाणी घालायचं असतं, पण एका दिवसात नाही. दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त फरक नको, मग तो वर असो की खाली. आणि काहीही करण्याआधी उपकरण ३५ च्या द्रवावर पुन्हा एकदा लावून बघा.

नमुना दुकानात आणताना

छोटी स्वच्छ बाटली टँकच्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. अर्धी भरलेली बाटली गाडीत तापली की वाफ वर धरते आणि आकडा बदलतो. कोणत्या दिवशी किती वाजता भरली ते चिकटपट्टीवर लिहा. बाटलीसोबत तुमचा रिफ्रॅक्टोमीटर किंवा मीटरही घेऊन या. तुमच्या आणि आमच्या उपकरणावर तेच पाणी तुमच्यासमोर बघू, तुमचं उपकरण लावून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.