सही कोणाची चालते? उपचारांच्या संमतीमागचा कायदा, गोव्याच्या संदर्भात

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात संमतिपत्र येते. रुग्ण पंच्याहत्तरीचा. चश्मा उशीखाली, कानातले यंत्र घरीच राहिलेले, आणि कागद इंग्रजीत. सिस्टर तो मुलाच्या हाती देते, मुलगा फुलीच्या खुणेपाशी सही करतो, फाइल बंद होते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही इस्पितळात हे घडते. पण रुग्ण शुद्धीवर असेल आणि विचारलेले त्याला समजत असेल, तर मुलाची ती सही संमती ठरत नाही.

घरच्यांनी ठरवायचे, ही कल्पना गोव्यात कायद्यातूनही आलेली आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून इथे लागू झाली. एखाद्याला न्यायालयाने वेडसर ठरवले की त्याच्या माथी ‘इंतरदिसांव’, म्हणजे स्वतः व्यवहार करण्याची बंदी, येई. त्याचे व्यवहार पालकाकडे जात, आणि पालकाच्या बाबतीत नातेवाइकांच्या कुटुंब-मंडळाचा शब्द चाले. माणूस शहाणा तरी, नाहीतर वेडा तरी. अधलेमधले काही नाही. ब्रिटिश हद्दीतला 1912 चा ल्युनसी (वेडसरपणाविषयीचा) कायदाही याच साच्यातला. मुक्तीनंतर भारतीय दंडसंहिता गोव्यात आली, पण कुटुंब आणि मालमत्तेचा पोर्तुगीज कायदा राहिला. त्यामुळे एक गैरसमज आजही भेटतो: लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी, म्हणून उपचाराचा निर्णयही जोडीदाराचा. तसे नाही. ती भागी घरादाराची आणि जमिनीची आहे, शरीराची नव्हे.

दंडसंहितेच्या 88 व्या कलमाने संमतीने केलेल्या शस्त्रक्रियेला संरक्षण दिले, तर 92 व्या कलमाने संमती घेणे अशक्य असताना रुग्णाच्या भल्यासाठी केलेल्या उपचाराला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत हीच कलमे 26 आणि 30 झाली. अपघातातल्या बेशुद्ध रुग्णाच्या नातेवाइकांची वाट पाहत डॉक्टरने हात बांधून बसायचे नसते, ते या तरतुदीमुळे.

खरा निवाडा 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली खटल्यात झाला. 44 वर्षांच्या अविवाहित स्त्रीने भूल देऊन दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलेत असतानाच बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडे काढण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रुग्ण सज्ञान आणि सक्षम होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची संमती इथे चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. उपचार काय, कशासाठी, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि नकार दिला तर काय होईल, एवढे सांगितल्याशिवाय घेतलेली सही अपुरी. भरपाई मिळाली अवघी 25,000 रुपये, शिवाय डॉक्टरांचे शुल्क नाकारले गेले.

मनोरुग्णांच्या वाट्याला हा हक्क आणखी उशिरा आला. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याचा भर दाखल करण्यावर होता, रुग्णाच्या होकारावर नव्हे. 2001 मध्ये तामिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले रुग्ण आगीत जळून मेले. 2007 मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्र करार स्वीकारला. त्यातून 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात निर्णयक्षमतेच्या तीन कसोट्या आहेत: माहिती समजणे, परिणामांची जाणीव असणे, निर्णय बोलून किंवा खुणेने कळवता येणे. त्यांच्यामध्ये शब्द ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे, म्हणजे शब्दशः एकच कसोटी पुरे. हा मसुद्याचा कच्चा दुवा, असे आमचे मत. त्याच कलमातले दुसरे वाक्य मात्र मोलाचे आहे: निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयासह सगळ्या मनोरुग्णालयांना हे बंधनकारक आहे. कलम 89 खाली आधारासह, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल केलेल्या रुग्णाच्या वतीने नामनिर्देशित प्रतिनिधीने संमती दिली असेल, तर रुग्णाची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासावी लागते.

शारीरिक आजारांसाठी अशी व्याख्या देणारा वेगळा कायदा नाही. तरीही तपासण्याची रीत तीच ठेवावी, कारण क्षमता चढते-उतरते. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली आजी रात्री भ्रमात भिंतीशी बोलते आणि सकाळी दहाला नातवंडांची नावे अचूक सांगते. सोडियम घटले, लघवीत जंतुसंसर्ग झाला, झोपेचे औषध उतरले नाही, की गोंधळ होतो. तो वेडेपणा नव्हे. म्हणून आधी चश्मा आणि श्रवणयंत्र द्यावे, गुंगीचे औषध देण्यापूर्वी विचारावे, मराठीत किंवा कोंकणीत सांगावे आणि ‘समजले ना?’ न विचारता ‘आता तुम्ही मला सांगा, उद्या काय करणार आहेत?’ असे विचारावे. उत्तर जमले नाही तर काही तासांनी पुन्हा. आणि विचारल्याची वेळ केसपेपरवर लिहावी.

बोलताच येणार नाही त्या दिवसाची तजवीज सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने मान्य केली. पण त्या वेळी लिव्हिंग विलवर, म्हणजे अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे, आणि तिथेच लोक अडत. 24 जानेवारी 2023 रोजी ती अट गेली: आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी आपले लिव्हिंग विल केले. गोव्यातील ही पहिली नोंद. प्रत एका जवळच्या नातेवाइकाला, एक कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जायला हवी. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर या कागदाला काम नसते. नंतर, उपचार थांबवायचे का हे ठरवायला, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ, मग दुसरे वेगळे मंडळ, प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचे. उपचार थांबवण्यापूर्वी इस्पितळाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे. मंडळाने परवानगी नाकारली तर घरच्यांना पर्वरीला उच्च न्यायालयात जाता येते.