कुकी : लॉगिनमधील अडचणी व उपाय

कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरकडे जपायला दिलेली छोटी नोंद. लॉगिन झाल्यावर सर्व्हर तिच्यात सत्राची (सेशनची) खूण देतो आणि ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर परत पाठवतो. ही खूण पोहोचली नाही, तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचेच पान पुन्हा समोर येते.

कुकीचे जनकत्व नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांच्याकडे जाते. कल्पना साधारणपणे १९९४ च्या मध्याची असावी. पेटंटचा अर्ज १९९५ चा असला, तरी १९९४ च्या अखेरीस आलेल्या चाचणी-आवृत्तीत कुकीची सोय होती. म्हणून वापराची सुरुवात तेव्हापासून धरणे योग्य. खरा वाद तिऱ्हाईत कुकीचा, म्हणजे उघडलेल्या पानाखेरीज दुसऱ्याच संकेतस्थळाने ठेवलेल्या कुकीचा. डेव्हिड क्रिस्टॉल व माँटुली यांच्या आरएफसी २१०९ (१९९७) या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने ती मुळातच बंद ठेवावी असे सुचवले होते. तेव्हाच्या प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही आणि आरएफसी ६२६५ (२०११) ने हा निर्णय ब्राउझरांवरच सोडला. १९९७ ची सूचना अव्यवहार्य होती असे एक मत आहे. पण अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाईत कुकी पूर्णपणे रोखल्या, हे पाहता तिची दिशा बरोबर होती असेच म्हणावे लागते. क्रोमनेही २०२० पासून ‘सेमसाइट’ (दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या मागणीबरोबर कुकी पाठवायची की नाही, ही सूचना) न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’, म्हणजे अशा बहुतेक मागण्यांबरोबर न पाठवायची, समजायला सुरुवात केली. त्यामुळे दुसऱ्या संकेतस्थळावरील पैसे भरण्याच्या पानावरून परतताच काही ठिकाणी लॉगिन सुटते. हा दोष संकेतस्थळाच्या बांधणीत असतो. तिऱ्हाईत कुकीला परवानगी देऊनही तो जात नाही; वापरणाऱ्याच्या हाती एवढेच, की पुन्हा लॉगिन करावे.

विदर्भाच्या खेड्यांत अर्ज भरण्याचे काम बहुतांशी सेतू केंद्रातल्या एकाच संगणकावर चालते. लॉगिन अडले की सगळा ब्राउझिंग डेटा पुसण्याची सवय तिथे रुळली आहे. ती महागात पडते: सर्वच संकेतस्थळांवरून बाहेर पडावे लागते, आणि पुन्हा शिरायला लागणारा ओटीपी वावरात असलेल्या, रेंज नसलेल्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर जातो.

त्याआधी संगणकाची तारीख पाहावी. जुन्या डेस्कटॉपमधील सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बटण-बॅटरी उतरली की लाईन गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते. तेव्हा बहुधा सुरक्षा-प्रमाणपत्राचा इशारा येतो. घड्याळ पुढे गेले असेल, तर साठवलेल्या कुकी मुदत संपली समजून काढल्या जातात. तारीख बरोबर असल्यास पत्त्याच्या डावीकडील चिन्ह दाबून कुकी व साइट डेटा उघडावा, त्याच संकेतस्थळाच्या नोंदी काढाव्यात, त्याचे सर्व टॅब बंद करावेत आणि पत्ता नव्याने टाइप करावा. जुन्या बुकमार्कमध्ये कधीकधी संपलेल्या सत्राचाच दुवा असतो.

खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकीत लॉगिन झाले, तर दोष साठलेल्या कुकींत किंवा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेंशनमध्ये आहे. तिथेही झाले नाही, तर लगेच पासवर्डवर शंका घेऊ नये. क्रोमची खाजगी खिडकी तिऱ्हाईत कुकी आपोआप रोखते.

‘४०० बॅड रिक्वेस्ट’ सोबत कुकी फार मोठी झाल्याचा संदेश आला, तर अडचण उलटी असते. एक कुकी सुमारे ४,०९६ बाइटांपर्यंत जाऊ शकते आणि एनजिनएक्स हा सर्व्हर मागणीच्या शीर्षकाची (ज्यात कुकी जातात त्या हेडरची) एक ओळ मूळ मांडणीत ८ किलोबाइटांपर्यंतच घेतो. मोठ्या दोन-तीन कुकींनीच ती मर्यादा ओलांडली जाते. उपाय तोच, त्या संकेतस्थळापुरती सफाई.

काही संकेतस्थळे सत्र आयपी पत्त्याशी, म्हणजे इंटरनेट-जोडणीच्या क्रमांकाशी, बांधतात. अर्ज अर्धा असताना वायफाय सोडून मोबाईल हॉटस्पॉटवर गेल्यास ती बाहेर काढतात; कुकी शाबूत असतानाही हे घडते.

सामायिक संगणकावर टॅब बंद करणे म्हणजे लॉगआउट नव्हे. ‘मागे सोडले तिथून सुरू करा’ ही मांडणी चालू असेल, तर ब्राउझर बंद करून उघडल्यावरही क्रोम सत्राच्या कुकी परत आणते आणि पुढच्या अर्जदाराची माहिती आधीच्याच्या खात्यात भरली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक अर्जानंतर संकेतस्थळाचेच लॉगआउट बटण दाबावे, किंवा अर्जदारागणिक वेगळी खाजगी खिडकी उघडून काम होताच ती पूर्ण बंद करावी.